एक सेकंद, जावईबापू

रविवारी सकाळी आठच्या आत फोन वाजला तर त्याला दोनच कारणं असतात. एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर मामांना कॅमेरा सापडलेला असतो. पहिल्या प्रकारात निदान चहा पिऊन निघता येतं.

"जावईबापू, एक सेकंद हं."

एवढं बोलून मामा गप्प. मागे जुन्या बाजाराचा गलका. मग फोन कशावर तरी घासल्याचा आवाज, आणि मग थेट माझ्या कानात: झिर्रर्रर्र... खट्.

"किती वाटला?"

"एक," मी डोळे मिटूनच सांगतो.

"एक कुठला? चांगला सव्वा आहे. तेल सुकलंय आतलं. पण माणूस साडेतीनला देतोय. या लगेच. येताना टॉर्च आणा."

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, नात्याने माझे मामेसासरे. हे पद ज्याने कुणी निर्माण केलं तो मोठा धोरणी असला पाहिजे. सासऱ्याची एकही जबाबदारी नाही आणि मान मात्र सगळा. शिवाय जावयाला अहो-जाहो करत करत त्याच्याकडून काहीही करून घेण्याची सोय. "जावईबापू, जरा वाकता का? त्या ताडपत्रीखालचं मला दिसत नाहीये," असं अदबीने म्हणत मामांनी मला मंगळवार पेठेतल्या चिखलात गुडघ्यांवर बसवलेलं आहे.

या माणसाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तुमच्या नात्यात नाहीतर सोसायटीत एक आहेच. तरुणपणी गळ्यात कॅमेरा घालून हिंडायचा, मग संसारात पडला, मग फोटो मोबाइलवर आले आणि कॅमेऱ्याचा विषय संपला. निवृत्तीनंतर पहिलं वर्ष गुडघ्यांत गेलं, दुसरं सोसायटीच्या कमिटीत. तिसऱ्या वर्षी त्याला एकाएकी साक्षात्कार झाला की खरा फोटो म्हणजे रोलवरचा. आणि रोलचा कॅमेरा घ्यायचा तर जुना, कारण जुना म्हणजे स्वस्त.

मामा पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी वहीवर अंदाजपत्रक मांडलं. "पाच हजार. त्याच्या वर एक रुपया नाही." अंदाजपत्रकाचं पुढे काय होतं, हे पाटबंधारे खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगणार?

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. स्कूटरचे सुटे भाग, पितळी नळ, एका पायाचे बूट, कुणाच्या तरी आजोबांचा फ्रेममधला फोटो आणि या सगळ्यांच्या मधे एखादा कॅमेरा, भंगारात पडलेल्या खानदानी माणसासारखा. मामांची नजर तो चाळीस फुटांवरून टिपते. एरवी त्यांना समोरून येणारी बस दिसत नाही.

मग तपासणी सुरू. आधी लेन्स उजेडाकडे धरून आतून टॉर्च मारायचा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. ती दिसली की मामा चुकचुकतात. मागचं झाकण उघडून कडेचा फोम नखाने दाबायचा. तीस-चाळीस वर्षांत त्या फोमचा डांबरासारखा चिकटा होतो आणि तिथून आत उजेड शिरतो. मामांच्या उजव्या हाताचं नख त्यामुळे कायम काळं. मग रुपयाच्या नाण्याने सेलचं झाकण फिरवायचं. आत हिरवा गंज दिसला तर भाव निम्म्यावर आणायचा. लिव्हर ओढायची आणि ओढताना डावीकडच्या खुंटीकडे बघायचं, डाव्या हाताला पाकीटमार उभा असल्यासारखं. हे शेवटचं ते का करतात ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. माणसाला एखादी सवय असते, म्हणून मी सोडून दिलं होतं.

आणि सगळ्यात शेवटी एक सेकंद.

स्पीडची चकती एकवर आणायची, कॅमेरा कानाला लावायचा, बटण दाबायचं. झिर्रर्रर्र... खट्. एका सेकंदाला शटर उघडं राहतं ते आतल्या बारीक दातेरी चाकांच्या जोरावर. तेल सुकलं की ती चाकं रेंगाळतात आणि सेकंद लांबतो. कधी मधेच अडकतात आणि शटर "झिर्र" म्हणून उघडं ते उघडंच राहतं. "एक-हजारांश सेकंदातली लबाडी कानाला पकडता येत नाही जावईबापू. एका सेकंदातली येते. माणूससुद्धा घाईत सभ्यच असतो." हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं ते मोजलेलं नाही, पण ते दर वेळी एका सेकंदाहून बरंच लांबतं.

विक्रेत्यांची यावर फार पंचाईत होते. "चालू आहे ना?" मामा विचारतात.

"काका, एकदम ओरिजिनल. परवाच एक हॉटेलवाला डझनभर घेऊन गेला, भिंतीला लावायला."

"मला भिंतीला नाही लावायचा. फोटो काढायचाय."

विक्रेता एकदा कॅमेऱ्याकडे आणि एकदा मामांकडे बघतो. "ह्याच्यावर?"

मामांचा पहिला बळी झेनिट. सोव्हिएत बनावटीचा, लेन्ससकट जवळजवळ किलोचा, अडीच हजारांत. घरी आणल्यावर मामांनी चकती फिरवली आणि त्यांचा चेहरा पडला. झेनिटचा सगळ्यात सावकाश स्पीड एक-तीसांश. त्याच्या खाली सरळ 'बी', म्हणजे तुम्ही बोट धराल तोवर उघडा. "एक सेकंद नाहीच आहे ह्याला," मामा सुन्न होऊन म्हणाले. ज्या घरात स्थळ पक्कं झाल्यावर मुलगा नापास असल्याचं कळतं, तिथे असा आवाज लागतो. मामींनी मात्र झेनिटचं सोनं केलं. श्रीखंडासाठी चक्का बांधला की त्यावर ठेवायला इतकं बेताचं वजन घरात दुसरं नव्हतं.

पण झेनिटची लेन्स चांगली निघाली. ५८ मिलिमीटरची हेलिऑस, मागची पानं वावटळीत सापडल्यासारखी गोल फिरवून दाखवणारी. एवढी चांगली लेन्स वाया कशी घालवायची? म्हणून ती बसवायला दुसरा कॅमेरा आला. त्याला ती बसेना, म्हणून मधली रिंग आली. रिंग बसली, पण त्या कॅमेऱ्याचा सेकंद दीड निघाला. म्हणून तिसरा. हा झाला स्वस्तातला छंद.

मग आला कॅननेट. छोटा, देखणा, आणि एक सेकंद नसूनही मामांच्या मनात भरलेला एकमेव. त्याची अडचण वेगळीच. या वयाच्या कॅमेऱ्यांचं मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर चालायचं. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. आजचा साधा बटणसेल दीड व्होल्टचा. तो घातला की मीटर खोटं बोलतं. जवळात जवळचा सेल मिळतो १.४ व्होल्टचा, ६७५ नंबरचा, आणि तो कानाच्या मशीनमध्ये घालतात.

मामांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, कानाचं मशीन आहे. नंबर ६७५.

तीन दिवस आक्कांना काही ऐकू येईना. "वय झालं," म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. कुणीतरी डॉक्टरांचा नंबरही लावला. चौथ्या दिवशी मामींनी कॅननेटचं झाकण रुपयाने फिरवलं. सेल जागेवर गेल्यावर आक्कांना विचारलं, की तीन दिवस तुम्ही काही बोलला कशा नाहीत? आक्का म्हणाल्या, "तीन दिवस ह्याच्या कॅमेऱ्याचं काही ऐकू आलं नाही. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

इतरांच्या नशिबी ते सुख नव्हतं. आमच्या मुलीच्या बारशाला आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, "कुर्रर्र" केलं आणि तिची पाठ वळते न वळते तोच मामांनी दुसऱ्या कानाला कॅमेरा लावला. झिर्रर्रर्र... खट्. पोर दचकली नाही, हसली. मामा म्हणाले, "हिला कळलं, बरोबर एक आहे." सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरवर वादावादी चालू असताना मामा उठले, "अध्यक्ष महाराज, एक सेकंद," म्हणाले आणि माइकला कॅमेरा लावला. ठराव पुढच्या सभेवर गेला. फॅमिली डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तर मामांनी तो अलगद काढून खिशातल्या कॅमेऱ्यावर ठेवला. डॉक्टर शांतपणे ऐकून म्हणाले, "ह्याचं ठीक आहे. आता तुमचं बघू?"

घरात कॅमेरे साठत गेले तशी जागेची लढाई सुरू झाली. बुरशीचा कॅमेऱ्यावर डोळा असतो. ओल, अंधार आणि चामडी कव्हर हे तिचं माहेर. म्हणून मामांनी कव्हरं काढून टाकली आणि हवाबंद डबे हवेत असं जाहीर केलं. हवाबंद डबे मामींच्या राज्यात. एका दिवाळीत चकलीची भाजणी काढायला मामींनी डबा उघडला तर आत याशिका. भाजणी पिशवीत घालून माळ्यावर. डब्याच्या तळाला सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या दुकानांतून, औषधांच्या बाटल्यांतून, जावयाच्या नव्या बॅगेतून मामांनी त्या जमवलेल्या. पुड्या ओल्या झाल्या की त्यातले दाणे काढून परतायचे, म्हणजे पुन्हा कोरडे होतात. त्यासाठी मामांनी कढई मागितली.

"ह्या कढईत आजवर रव्याशिवाय काही परतलेलं नाही," मामी म्हणाल्या.

"एक सेकंद लागेल फक्त."

"तुमचा एक सेकंद मला माहितीये."

मामांना जुनी कढई मिळाली. त्यात ते गच्चीवर बसून शेगडीवर दाणे परततात. खालून जाणाऱ्यांना वाटतं, काका शेंगदाणे विकायला लागले.

शेवटी एका रिपेअरवाल्याने त्यांना ताळ्यावर आणलं. पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली त्यांचं टेबल. वय मामांहून जास्त, हात थरथरतात, पण स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर टेकला की थांबतात. मामांनी टेबलावर सात कॅमेरे ओळीने मांडले. त्यांनी एकेकाची लिव्हर ओढली, एकेकाला नुसतं हलवून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, सात मेलेले घेण्यापेक्षा एक जिवंत घ्यायचा होता. महाग पडला असता, पण एकदाच. मी आतून साफ करतो, तेल बदलतो, फोम बदलतो, अजून वीस वर्षं जाईल." मग मामांकडे जरा बघून म्हणाले, "कॅमेरा."

मामांनी तिथल्या तिथे विचारलं, "जिवंत कुठला?"

"पेंटॅक्स के-वन थाउजंड. ह्याच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच."

खरंच नाही. हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, आधी जपानात, मग हाँगकाँगमध्ये, मग चीनमध्ये. सगळं यांत्रिक. सेल मेला तरी फक्त मीटर मरतं, शटर चालूच राहतं. मीटरला बंद करायचं बटणसुद्धा नाही. लेन्सवर टोपी घातली की अंधारात सेल टिकतो, एवढंच. म्हणून मामा येता-जाता "टोपी घाला, टोपी" म्हणत असतात, थंडीत बाळाच्या मागे लागावं तसं. जुन्या जपानी नगांच्या कपाळावर पेंटॅक्सच्या आधी कंपनीचं नाव असतं, असाही. मामांना तोच हवा होता. त्यासाठी मुंबईची वारी झाली. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात हे तिथे शुक्रवारी कळलं. परतीच्या गाडीत माझा उपास घडला. शेवटी तो मिळाला पुण्यातच, एका निवृत्त प्राध्यापकांकडे, साडेआठ हजारांना. सर्व्हिसिंग वेगळं.

मामींनी वही पुढे ओढली, सात कॅमेरे, दोन रिंगा, मुंबईचं भाडं, कानाच्या मशीनचे सेल असं सगळं मांडलं आणि बेरजेखाली रेघ मारून म्हणाल्या, "असाही पेंटॅक्स, तसाही पेंटॅक्स. पहिल्याच दिवशी घेतला असता तर निम्म्यात झालं असतं."

मामा ऐकत नव्हते. डोळे मिटून, कॅमेरा कानाला लावून बसले होते. झिर्रर्रर्र... खट्.

"एक," ते म्हणाले. "बरोबर एक."

मला वाटलं, सुटलो. आता मामा फोटो काढतील.

पण परतलेल्या फोटोग्राफरचं खरं दुखणं इथून सुरू होतं. छत्तीस फोटोंच्या रंगीत रोलला आज हजारभर रुपये सहज पडतात. धुण्याचे आणि स्कॅनचे वेगळे. म्हणजे बटण दाबलं की तीसेक रुपये गेले. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घालून, बाथरूमच्या दाराला खालून टॉवेल लावून, हायपोच्या वासात रात्र काढलेल्या माणसाला हा हिशेब झेपत नाही. केकवरच्या मेणबत्त्या पेटतात, मामा डोळा लावतात, फोकस करतात, मीटर बघतात, "एक सेकंद हं, कुणी हलू नका," म्हणतात. मेण केकवर ओघळतं. उत्सवमूर्ती रडकुंडीला येते. मग मामा कॅमेरा खाली घेतात आणि म्हणतात, "नको. उजेड चपटा आहे." टोपी घालतात. दिवाळीत भरलेला रोल होळीला अकराव्या फोटोवर होता.

मी एकदा वैतागून म्हणालो, "मामा, अहो दाबा ना. फुकट घालवायलाच असतो रोल."

मामा काही बोलले नाहीत. लिव्हर ओढली आणि डावीकडच्या खुंटीकडे बघितलं. ती फिरली. त्यांनी हुश्श केलं.

ते डावीकडचं प्रकरण मला कळलं आषाढात. मामांना द्यायची औषधं घेऊन मी गेलो तर ते रिपेअरवाल्याकडे गेलेले. पाऊस थांबेना. मामींनी चहा केला आणि कपाटातून अल्बम काढले. काळ्या जाड पानांचे, चारी कोपऱ्यांना त्रिकोणी कागदी कोपरे, मधे खडबडीत बटरपेपर. १९७९ साली चुलतभावाने मस्कतहून एक के-वन थाउजंड आणला होता. हाच, असाहीच. त्यानंतरची नऊ वर्षं अल्बममध्ये सलग होती. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, पानशेतची सहल, आजीची सहस्रचंद्रदर्शनाची तुला. प्रत्येक फोटोच्या मागे बॉलपेनने मामांचं बारीक अक्षर: नावं, गाव, एफ किती, स्पीड किती. मी मोजली, नुसती लग्नं बावीस.

"आणि मामा कुठे आहेत?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? कॅमेऱ्यामागे."

मी पानं उलटत राहिलो. त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या बारशात मामा नाहीत. वडिलांच्या पंचाहत्तरीत नाहीत. बटण दाबून पळत येऊन रांगेत उभं राहायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांना असते. के-वन थाउजंडला ती नाही. स्वस्त ठेवायचा म्हणून कंपनीने गाळली. एका फोटोत मात्र सापडले. सिंहगड, १९८१. मामी पायरीवर बसल्या आहेत, डोळ्यांवर ऊन, आणि त्यांच्या चपलांपर्यंत एक लांब सावली आलेली, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोक्याच्या जागी हात.

"मग सोडलं का?"

मामींनी कप बशीत ठेवला. "माझ्या धाकट्या भावाचं लग्न, अठ्ठ्याऐंशी सालचं. रोल भरताना ह्यांना घाई झाली. टोक दात्यांत अडकलंच नाही. आत रोल जागचा हलला नाही आणि हे दिवसभर फोटो काढतायत. सीमांतपूजन, मंगलाष्टका, कन्यादान, सप्तपदी. छत्तीस झाले तरी रोल संपेना. ह्यांना आधी आनंद झाला. हे अंधारात रोल भरून छत्तीसचे अडतीस काढायचे ना. सदतीस झाला, अडतीस झाला. एकोणचाळिसाव्याला माझ्याकडे बघितलं. चाळिसाव्याला त्यांचं तोंड मी पाहिलं." त्या जरा थांबल्या. "आवाज मात्र दिवसभर छान येत होता हो."

रोल नीट पुढे सरकत असेल तर लिव्हर ओढताना डावीकडची खुंटी फिरते. एवढंच बघायचं असतं.

त्यानंतर काय झालं ते सांगायला मामी नकोत, मीही तुमच्यासारखाच नात्यागोत्यात राहतो. बावीस लग्नांचे फोटो लोकांनी आपापल्या कपाटांत ठेवले आणि विसरले. तेविसावं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. माझ्या लग्नात मला मामांची ओळख करून देताना कुणीतरी पहिलं वाक्य हेच म्हणालं होतं: "हे मामा. ह्यांनी आमच्या दादाच्या लग्नात रिकामा कॅमेरा वाजवला." सगळे हसले होते. मामाही हसले होते. मीही. तो दादा आज तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुखाने नांदतो. त्याच्या लग्नाचा एकही फोटो नाही आणि त्यामुळे त्याचं काही अडलेलं नाही. अडलं ते मामांचं. कॅमेरा चामडी कव्हरात घालून कपाटात गेला. तीन पावसाळ्यांत लेन्समध्ये जाळं धरलं. मग कुणी मागितला त्याला देऊन टाकला.

मामा भिजत घरी आले, मला बघून खूश झाले आणि टॉवेल न घेताच म्हणाले, "जावईबापू, एक सेकंद."

मी कान पुढे केला. पहिल्यांदाच नीट ऐकलं.

रोल संपला तो कोजागिरीच्या आसपास, एक सोडून. छत्तिसावा उरला होता. संध्याकाळी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे होतो. मामी देवापाशी दिवा लावून येऊन झोपाळ्यावर बसल्या होत्या. मामांनी ट्रायपॉड लावला, केबल जोडली, मीटर बघितलं. "एफ ११ ला एक सेकंद येतोय," ते कुजबुजले, जसं काही मोठ्याने बोललं तर उजेड उडून जाईल. मग मामींकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता टोपी घालणार.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही जाऊन बसा त्यांच्या शेजारी. मी दाबतो."

"मी? छे. मी कशाला?"

"बसा हो," मामी म्हणाल्या. त्यांनी झोपाळ्यावर सरकून जागा केली.

मामा गेले. शर्टाची बटणं लावली, चष्मा पुसला, परत उठून येऊन डावीकडची खुंटी बघून गेले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. हजारो लोकांना त्यांनी "हात असा घ्या, मान जरा इकडे" म्हणून बसवलं होतं. स्वतःवर वेळ आली तेव्हा शाळेतल्या ग्रुप फोटोसारखे गुडघ्यांवर पंजे ठेवून बसले. झोपाळा पायाने घट्ट धरला.

"पूर्ण सेकंद आहे जावईबापू. कुणी हलायचं नाही. श्वास धरायचा."

मी केबल दाबली. झिर्रर्रर्र...

आणि त्या तेवढ्यात मामांनी मान तिरकी करून कान कॅमेऱ्याकडे केला.

खट्.

"एक," मामा म्हणाले.

हल्ली लॅबवाले फोटो फोनवर पाठवतात. मामांनी कागदावरची कॉपीच मागितली. आठ दिवसांनी ती आली. मामी लखलखीत. चष्म्याच्या काचेत दिव्याचा ठिपका, पदराच्या काठाची वीण, केसांत खोवलेल्या फुलाच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात. शेजारी गुडघ्यांवर ठेवलेले दोन पंजे तेवढेच स्वच्छ. आणि त्यांच्या वर चेहऱ्याच्या जागी एक तिरका, धुरकट ओघळ, डाव्या बाजूला कानासारखं काहीतरी.

मामांनी फोटो ट्यूबलाइटखाली धरला, मग टॉर्च मारून पाहिला. "मामींचा उत्तम आलाय," म्हणाले. "जावईबापूंचा हात स्थिर आहे." स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. फोटो पालथा घातला, खिशातलं बॉलपेन काढलं आणि बारीक अक्षरात लिहिलं: 'सौ. झोपाळ्यावर. दिवेलागण. एफ ११, एक सेकंद.'

मामींनी हात पुढे करून पेन घेतलं. चष्मा सारखा केला आणि 'सौ.' च्या पुढे, ओळीत जागा नव्हती म्हणून वरच्या बाजूला काकपद देऊन, दोन शब्द घातले.

'आणि हे.'